खुब्यातला धातू आणि कागदावरचा नंबर

भंडारा जिल्ह्यातला एक गवंडी तरुण गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात आला. वय अवघे चौतीस. लहानपणापासून सिकलसेलचा रुग्ण. या आजाराने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला, हाडाचा गोळा मृत झाला आणि आठ वर्षांपूर्वी त्याला कृत्रिम सांधा बसवावा लागला. आता तोच पाय पुन्हा दुखतो. आम्ही त्याच्याकडे कागद मागितले. डिस्चार्ज कार्डवर 'टी. एच. आर. डन' एवढीच ओळ! सांधा कोणत्या कंपनीचा, कोणत्या धातूचा, त्याचा नंबर काय, काहीच नाही. रुग्णालयाकडे विचारणा केली तर जुने रेकॉर्ड उपलब्ध नाही असे उत्तर मिळाले. त्याच्या शरीरात काय बसवले आहे, हे त्यालाच माहीत नाही. हा एकट्याचा प्रश्न नाही, म्हणून आज आम्ही त्यावर लिहीत आहोत.

कृत्रिम सांधा झिजतो, हे शास्त्राने कधीच लपवलेले नाही. इंग्लंडचे डॉ. जॉन चार्न्ली हे आधुनिक खुबारोपणाचे जनक. त्यांनी आरंभी टेफ्लॉनची वाटी वापरली. ती काही वर्षांतच झिजली आणि तिच्या कणांनी रुग्णांच्या सांध्यात गाठी झाल्या. चार्न्लींनी काय केले? टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन त्याचा परिणाम तपासला, चूक मान्य केली आणि १९६२ साली पॉलिथिलीनची वाटी आणली. पुढे तिचेही सूक्ष्म कण सुटतात असे दिसले. शरीरातील पेशी हे कण गिळतात, त्यांना पचवू शकत नाहीत, आणि त्या झगड्यात सांध्याभोवतीचे हाड विरघळू लागते. सांधा ढिला होतो. प्रारंभी त्याचा दोष हाडाच्या सिमेंटला दिला गेला. खरा गुन्हेगार झिजेचे कण आहेत हे संशोधकांनी नंतर दाखवले. त्यातूनच नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अधिक टिकाऊ पॉलिथिलीन आले. चूक शोधायची, ती कबूल करायची, दुरुस्त करायची, हाच विज्ञानाचा मार्ग आहे. अशा विज्ञानाविषयी आमची तक्रार नाही.

आमची तक्रार आहे ती चूक कळूनही माल विकत राहणाऱ्या व्यवस्थेविषयी. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीचा 'ए. एस. आर.' नावाचा खुबा हे त्याचे जिवंत उदाहरण आहे. यात गोळाही धातूचा, वाटीही धातूची. प्लास्टिकच नाही तर झिजणार काय, असा दावा. परंतु वाटी उथळ होती. ती जरा तिरकी बसली की गोळ्याचा भार वाटीच्या काठावर येई, दोन धातूंमधला ओलाव्याचा पातळ थर तुटे आणि कोबाल्ट व क्रोमियमचे अतिसूक्ष्म कण सुटून भोवतालचे मांस सडवीत, रक्तात मिसळत.

हे कारखान्यात का कळले नाही, असे वाचक विचारतील. सांध्यांची चाचणी यंत्रावर होते. दहा लाख पावले म्हणजे साधारण एका वर्षाचे चालणे असा हिशेब धरला जातो. पण यंत्राला चालणे ठाऊक आहे. आपला माणूस उकिडवा बसतो, जमिनीवर मांडी घालतो, डोक्यावर घमेले घेऊन शिडी चढतो. यंत्रात वाटी ठरलेल्या कोनात घट्ट बसवलेली असते; शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो कोन थोडाफार चुकतोच. म्हणूनच यंत्रावर पास झालेला सांधा माणसात नापास होऊ शकतो, आणि ते समजण्याचा एकच मार्ग उरतो. तो म्हणजे ज्यांना सांधा बसवला त्या प्रत्येकाची नोंद ठेवणे.

स्वीडनने खुब्यांची अशी राष्ट्रीय नोंदवही १९७९ मध्ये सुरू केली. ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, इंग्लंड-वेल्सने २००३ मध्ये. ए. एस. आर.चे बिंग याच नोंदवह्यांनी फोडले. ऑस्ट्रेलियाची आकडेवारी बोलू लागली आणि तिथून हा सांधा डिसेंबर २००९ मध्ये मागे घेतला गेला. इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीत संपूर्ण खुबारोपणाच्या प्रकारात पाच वर्षांत सुमारे १३ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे दिसले. अखेर ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून माल परत बोलावला. तोवर सुमारे ९३ हजार माणसांच्या शरीरात तो बसला होता.

आणि भारतात? ऑस्ट्रेलियातून माल मागे घेतल्यानंतरही २०१० साली आपल्याकडे त्याच्या आयातीच्या परवान्याचे नूतनीकरण झाले! परदेशातील बातमी दिल्लीपर्यंत पोहोचली नाही, की पोहोचूनही फाईलखाली दबली? महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मुंबईत माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला, याचे श्रेय या राज्याला दिलेच पाहिजे. केंद्राने मात्र तज्ज्ञ समिती नेमली ती २०१७ मध्ये. त्या समितीने जे सांगितले ते वाचून आम्ही अस्वस्थ झालो. देशात सुमारे ४,७०० जणांवर या सांध्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यांपैकी सुमारे ३,६०० जणांचा पत्ताच लागत नव्हता.

जरा विचार करा. अमेरिकेत याच सांध्यासाठी कंपनीने २०१३ मध्ये सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. आपल्या देशात २०१८ मध्ये सरकारने वय व अपंगत्वानुसार ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंतचे भरपाईचे सूत्र ठरवले. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्या ६७ जणांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी तिने दाखवली. ४,७०० कुठे आणि ६७ कुठे! जे सापडले, ज्यांच्याकडे कागद होते, जे इंग्रजीत पत्रव्यवहार करू शकत होते, ते रांगेत पोहोचले. बाकीचे आपल्या घरी 'वयोमानाने दुखते' असे समजून गोळ्या खात राहिले.

कायद्याचा विद्यार्थी म्हणून आम्हाला आणखी एक विसंगती दिसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने सदोष मालासाठी उत्पादकाला जबाबदार धरण्याचे स्वतंत्र प्रकरणच आणले. चांगले झाले. परंतु उत्पादकाला जबाबदार धरायचे तर उत्पादक कोण हे आधी सिद्ध करावे लागते. ते सिद्ध होते सांध्याच्या वेष्टनावरील स्टिकरने आणि त्यावरील नंबराने. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे रेकॉर्ड डॉक्टरांनी जपण्याचे बंधन आहे फक्त तीन वर्षांचे. सांधा बिघडतो पाचव्या, आठव्या, पंधराव्या वर्षी. म्हणजे दुखणे सुरू होण्याच्या आतच पुरावा कायदेशीरपणे नष्ट होऊ शकतो! त्यात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. दोष शरीरात दडलेला असेल तर तो कळल्यापासून मुदत मोजता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निवाड्यात विचारात घेतले. पण त्याच निवाड्यात वर्षानुवर्षे वेदना सोसून गप्प राहिलेल्या रुग्ण महिलेची तक्रार मुदतबाह्य ठरली. दुखणे अंगावर काढण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांनी हा इशारा नीट समजून घ्यावा.

हा प्रश्न श्रीमंत म्हाताऱ्यांचा आहे, असे आमच्या काही मित्रांना वाटते. ते खरे नाही. विदर्भात सिकलसेल अनुसूचित जाती आणि आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणावर आहे आणि त्यात खुबा खराब होतो तो ऐन तारुण्यात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार खुब्याचे कृत्रिम सांधे २५ वर्षे टिकण्याचे प्रमाण सुमारे ५८ टक्के आहे. सत्तराव्या वर्षी सांधा बसवणाऱ्याला तो जन्मभर पुरतो. सव्विसाव्या वर्षी बसवून पुन्हा थापी हाती घेणाऱ्याला तो पुरणार नाही, हे उघड आहे. त्याला दुसरी, कदाचित तिसरी शस्त्रक्रिया लागणार. दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरला जुना सांधा कोणता हे कळावेच लागते. म्हणजे ज्याला नोंदीची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच हाती नोंद नाही.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. उपकरणांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करणारा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. वैद्यकीय उपकरण नियम २०१८ पासून लागू आहेत. २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्याच्या किमतींवर मर्यादा आली, त्याचा लाखोंना फायदा झाला. मात्र स्वस्त झालेला सांधा किती टिकला, हे पाहणार कोण? शल्यचिकित्सकांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती स्वेच्छेची. ज्याच्या मनात येईल त्याने नोंदवावे, अशा वहीत अपयश कोण लिहील?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद कायद्याने सक्तीची करा आणि नोंदीशिवाय शासकीय योजनेचे बिल मंजूर करू नका. शरीरात सांधा आहे तोवर रेकॉर्ड जपण्याचे बंधन घाला. कंपनी, नमुना, नंबर व तारीख असलेले कार्ड रुग्णाला मराठीत द्या. कोणत्या कंपनीचे सांधे किती टक्के बिघडले, हे दरवर्षी जाहीर करा. जगण्याच्या हक्कात उपचाराचा हक्क येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे. आपल्या शरीरात काय आहे हे जाणण्याचा हक्क त्यात येत नसेल, तर तो हक्क अपुरा आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आमच्या वाचकांनी एवढे करावे. घरात कोणाचे खुबा-गुडघ्याचे रोपण झाले असेल तर आजच फाईल काढून स्टिकर आहे का पाहावे. नसेल तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. मागितलेले रेकॉर्ड ७२ तासांत देण्याचे बंधन त्याच २००२ च्या नियमांत आहे. बंद झालेले दुखणे पुन्हा सुरू झाले तर अंगावर न काढता तपासून घ्यावे. भंडाऱ्याच्या त्या तरुणाचा अर्ज आम्ही पाठवला आहे. उत्तर आले नाही तर पुढची पायरी कोर्टाची आहे आणि ती आम्ही चढणार आहोत.