गोळ्या 'गरम' पडतात तेव्हा...

आमच्या बीडकडे एक वाक्य सर्रास ऐकू येतं, "गोळ्या गरम पडल्या." तोंड आलं, पोटात जळजळ झाली, की झालं, गोळ्या गरम पडल्या! शिकलेली मंडळी हसतात. मला मात्र यातलं निरीक्षण खरं वाटतं. गंमत अशी, की डोळे पिवळे झाले की हाच माणूस गोळ्यांचं नाव काढत नाही. कावीळ झाली म्हणतो आणि गळ्यात माळ घालून घ्यायला निघतो.

वास्तविक काही अँटिबायोटिक्सनीही कावीळ होते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड हे नेहमीचं औषध. त्याची कावीळ क्वचित होते, पण कधी कधी कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी उगवते. तोवर चिठ्ठी हरवलेली असते! क्षयाच्या पहिल्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. दारू पिणाऱ्याला धोका जास्त. बहुतेकांना काही होत नाही, हेही खरं. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ती कावीळ नव्हे. पण भूक मेली, उलट्या होऊ लागल्या, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला, तर थांबायचं नाही.

औषध बंद झालं की ही कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरते, आणि श्रेय माळेला मिळतं. पण माळही चालू आणि गोळ्याही चालू, तर यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. उलट, घाबरून क्षयाच्या गोळ्या कायमच्या सोडल्या तर क्षय उलटतो, कधी औषधांना दाद न देणारा होऊन. खरा रस्ता मधला आहे. गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना, रक्ताची तपासणी, आणि यकृत सावरल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकेक औषध पुन्हा सुरू.

आता आमचा ऊसतोड कामगार बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास तो पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो. क्षयाचा नेहमीचा कोर्स ६ महिन्यांचा, हंगामही जवळपास तेवढाच. उचल घेतलेली, खाडा परवडत नाही. फडावर डोळे पिवळे झाले, तर तिथल्या डॉक्टरला हा काय खातोय ते कसं कळणार?

शेड्यूल एच-१ चा नियम २०१४ पासून लागू आहे. क्षयाची औषधं आणि बरीच अँटिबायोटिक्स विकताना दुकानदाराने रुग्णाचं, डॉक्टरचं नाव वहीत लिहायचं. उत्तम! पण वही दुकानात राहते, रुग्णाच्या हातात काय? माझं म्हणणं एवढंच, की पाकिटावर मराठीत दोन ओळी हव्यात: औषधाचं नाव, आणि डोळे पिवळे झाले तर काय करायचं. औषधाचा त्रास कळवायला १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, रुग्ण स्वतःही कळवू शकतो. तोही छापा की!

आणि आपणही, कुणी "गोळ्या गरम पडल्या" म्हणालं तर हसू नये. "कोणत्या गोळ्या?" एवढं विचारावं.