सहनिवासातील भाडेकरू

‘घर पाहावे बांधून’ असे सांगून गेलेल्या आपल्या वाडवडिलांनी घर भाड्याने देण्याविषयी मात्र काही सांगून ठेवलेले नाही. त्यातही ते घर वीसतीस कुटुंबांनी एकविचाराने उभारलेल्या वसाहतीतले असेल, तर भाड्याचा करार केवळ मालक आणि भाडेकरू या दोघांचा राहत नाही. शेजाऱ्यांचाही त्याच्याशी संबंध येतो. तो कोठवर असावा आणि त्याचे नियम कसे असावेत, याचा येथे विचार करावयाचा आहे.

पाश्चात्त्य देशांत ‘कोहाउसिंग’ नावाची एक पद्धत आहे. तिला आपण सहनिवास म्हणू. डेन्मार्कमध्ये हिलरॉड गावाजवळ 1972 साली सत्तावीस घरांची अशी वसाहत उभी राहिली. प्रत्येकाचे घर व स्वयंपाकघर वेगळे. शिवाय सर्वांसाठी एक सामाईक घर, जेथे पाळीपाळीने रांधून एकत्र जेवण होते. मॅककॅमंट आणि ड्युरेट या वास्तुविशारद दांपत्याने 1988 साली पुस्तक लिहून ही कल्पना अमेरिकेत नेली आणि 1991 साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे सव्वीस घरांची वसाहत झाली. आपल्याला वाड्याची आठवण होईल. पण वाड्यात मालक एक आणि बाकीची बिऱ्हाडे. येथे बहुधा सारेच मालक, आणि म्हणूनच भाडेकरू आला की प्रश्न निर्माण होतो.

मालकाची बदली होते, म्हाताऱ्या आईवडिलांकडे जाऊन राहावे लागते, कर्जाचे हप्ते थकतात. अशा वेळी घर भाड्याने देण्यास साफ बंदी केली, तर घराला कुलूप लागते आणि कुलूप काही जेवणाची पाळी करीत नाही. उलट पूर्ण मोकळीक दिली, तर राहण्याची इच्छा नसलेले लोक केवळ उत्पन्नासाठी घरे घेऊन ठेवतात. वाणिज्य शाखेच्या सवयीने थोडा हिशेब मांडते. समजा, तीस घरे आहेत आणि प्रत्येक घराकडे महिन्याला दोन, म्हणजे एकूण साठ पाळ्या आहेत. दहा घरे भाड्याने गेली आणि भाडेकरूंना पाळीत घेतले नाही, तर उरलेल्या वीस घरांवर प्रत्येकी तीन पाळ्या येतात. कामात दीडपट वाढ! वर्षभरात कुरकुर सुरू होणार आणि दोष भाडेकरूंना दिला जाणार. वास्तविक त्यांना पाळीत घेतले असते, तर प्रत्येक घराकडे दोनच पाळ्या राहिल्या असत्या.

म्हणून माझे म्हणणे असे की, नियम भाड्याच्या व्यवहारावर असावेत, भाडेकरूच्या व्यक्तित्वावर नसावेत. किती घरे, किती मुदतीने, कोणत्या कारणासाठी भाड्याने द्यावीत हे सभेने जरूर ठरवावे. भाडेकरूची जात कोणती, तो काय खातो, त्याचे लग्न झाले आहे की नाही, हे ठरविणे सभेचे काम नव्हे. अमेरिकेत 1968 च्या कायद्याने घर भाड्याने देताना वंश, वर्ण, धर्म यांवरून भेद करण्यास बंदी घातली. 1988 साली मुलेबाळे असलेल्या कुटुंबांना आणि अपंगांनाही ते संरक्षण मिळाले. तेथील सहनिवासांनाही याच चौकटीत नियम करावे लागतात. आपल्याकडे अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरविला. तो निकाल सभासदत्वापुरता होता. परंतु कायद्यात बसते ते सर्व सहकाराला शोभते, असे मला वाटत नाही.

हे मी दुरून लिहीत नाही. आम्ही स्वतः येथील एका इमारतीत अकरा वर्षे भाड्याने राहतो. देखभालीची रक्कम दरमहा माझे वडीलच भरतात. पाण्याची टाकी केव्हा धुतली, मोटर कोणत्या महिन्यात जळाली, हे त्यांना तोंडपाठ आहे. पण वार्षिक सभेची सूचना येते ती परगावी राहणाऱ्या मालकांच्या नावाने. ते येत नाहीत आणि वडिलांना बसू देत नाहीत. ज्याला पाण्याची माहिती आहे त्याला मत नाही, आणि ज्याला मत आहे त्याला पाण्याची माहिती नाही. ‘एक सभासद, एक मत’ हे रॉचडेलचे तत्त्व आम्ही वर्गात शिकतो. ते चुकीचे नाही, पण राहणारा आणि सभासद हे दोन वेगळे झाले की ते अपुरे पडते.

भाडेकरूमुळे सामुदायिक जीवन ढिले पडते, हा आक्षेप मी ऐकला आहे. त्याला डेन्मार्कमध्येच उत्तर आहे. तेथील टिंगगोर्डन ही 1978 ची वसाहत सामाईक घरांसह बांधलेली आहे आणि तेथे राहणारे सगळेच भाडेकरू आहेत. डेन्मार्कच्या अशा सार्वजनिक घरांत भाडेकरूंची सभा आपले मंडळ निवडते आणि अंदाजपत्रक मंजूर करते. तात्पर्य, आपुलकी येते ती खरेदीखताने नव्हे, तर जबाबदारी आणि अधिकार बरोबरीने मिळाल्याने.

दुसरा आक्षेप मालकांचा: “घर माझे, भाडेही माझे, इतरांचा संबंध काय?” संबंध आहे, कारण जिना, विहीर, अंगण सामाईक आहे. पण त्या संबंधाचे रूपांतर खंडणीत होऊ नये. महाराष्ट्रात काही गृहनिर्माण संस्था घर भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून मनास येईल तो आकार घेत. सरकारने 2001 साली आदेश काढून तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपुरता मर्यादित केला आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2007 साली तो आदेश उचलून धरला. सेवाशुल्क दरमहा 1500 रुपये असेल, तर जादा आकार 150 रुपयांवर जाणार नाही. हे प्रमाण मला रास्त वाटते.

मग नियम कोणते? एका वेळी चारांपैकी एकाहून अधिक घर भाड्याने नसावे. इच्छुकांची क्रमवार यादी असावी. आजारपण व बदली यांना अग्रक्रम असावा. मालकाने आधी निदान वर्षभर स्वतः राहिलेले असावे. सहा महिन्यांहून कमी मुदतीचा करार नसावा, म्हणजे घराचे लॉज होणार नाही. येणाऱ्याला कराराआधी पाळ्या आणि वसाहतीचे रिवाज समजावून द्यावेत. नकार द्यावयाचाच तर कारण लेखी द्यावे. जेवण, सफाई, पाणी, मुलांचे खेळणे या रोजच्या बाबींत राहणाऱ्याचे मत धरावे. कर्ज, छपराची मोठी दुरुस्ती, जमीन यांत मालकाचे. आणि नवा नियम चालू करारांना मागून लावू नये. हे सारे पहिले घर भाड्याने जाण्यापूर्वीच नोंदलेल्या पोटनियमांत यावे. शेजारी डोळ्यांसमोर आल्यावर केलेला नियम हा नियम राहत नाही, तो त्या माणसाविरुद्धचा ठराव होतो.

आपल्यापैकी बहुतेकजण दोनतीन वर्षांत नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला, हुबळीला जातील आणि मालक होण्याआधी भाडेकरू होतील. मराठीत भाडेकरू, कन्नडमध्ये बाडिगेदार. दोन्ही भाषांत सभेच्या दाराबाहेर उभा राहणारा तोच. तेव्हा आपल्या इमारतीचे पोटनियम एकदा मागून वाचावेत. त्यांत भाडेकरूने काय करू नये याची कलमे किती आणि त्याला काय करता येईल याची किती, एवढे मोजले तरी पुढच्या सभेत काय मांडावयाचे ते कळेल.