खुर्ची सुटली, आता हिशेब द्या!

मंडळाच्या गेल्या मासिक सभेनंतर चहा घेताना एक ज्येष्ठ सभासद आम्हांस म्हणाले, "अहो, ज्याला कोट्यवधी लोकांनी निवडून दिले, त्याला एक न्यायाधीश आरोपीच्या पिंजऱ्यात कसा उभा करणार? लोकच मतपेटीतून शिक्षा देतील." वयाचा मान राखून आम्ही तेथे गप्प बसलो. येथे बसणार नाही.

आम्ही बँकेतले कारकून. संध्याकाळी रोकड शंभर रुपयांनी कमी भरली तर ती खिशातून भरावी लागते. 'ग्राहकांचा माझ्यावर विश्वास आहे' असे सांगून घरी जाता येत नाही.

विषय निघाला होता अमेरिकेचा. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की, संविधानाने केवळ राष्ट्राध्यक्षालाच दिलेले अधिकार वापरून त्याने जे केले, त्याबद्दल फौजदारी खटला चालणारच नाही. इतर सरकारी कृत्यांनाही संरक्षण आहे असेच आधी धरून चालायचे. आणि हे सारे पद सोडल्यानंतरसुद्धा! खाजगी कृत्ये तेवढी मोकळी राहिली. आता मतपेटीचे बोला. तेथे राष्ट्राध्यक्षाला तिसऱ्यांदा निवडून येता येत नाही. मग दुसऱ्या कारकिर्दीत मतदार त्याला कसली शिक्षा देणार?

पदावर असताना रोज एक समन्स आले तर राज्यकारभार चालणार नाही, हे आम्हांसही पटते. आपल्या संविधानाच्या ३६१व्या कलमाने राष्ट्रपती व राज्यपाल यांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले आहे, पण ते पदाच्या मुदतीपुरते. दक्षिण कोरियानेही तेच केले, मात्र बंड व देशद्रोह हे गुन्हे वगळून. म्हणून तर लष्करी कायदा पुकारणारे यून सुक-योल अधिकार स्थगित झालेले, पण राष्ट्राध्यक्ष असतानाच, जानेवारी २०२५ मध्ये अटकेत गेले. इस्रायलचे माजी राष्ट्राध्यक्ष मोशे कात्साव बलात्काराच्या गुन्ह्यात सात वर्षांची शिक्षा घेऊन २०११ मध्ये तुरुंगात गेले. इस्रायल काही बुडाले नाही.

अमेरिकेला नावे ठेवताना आपलेही घर पाहावे. १२ जून १९७५ रोजी अलाहाबादला न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरवली. पुढे आणीबाणी आली, आणि ऑगस्टमध्ये ३९व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबरला ती तरतूद रद्द केली. एवढे आपल्यातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. पण त्याच ऑगस्टमध्ये राज्यसभेने आणखी एक विधेयक मंजूर केले होते, ते फारसे कोणी काढत नाही. राष्ट्रपती, पंतप्रधान व राज्यपाल यांच्यावर पदावरील कृत्यांबद्दल तर नाहीच, पण पद घेण्यापूर्वीच्या कृत्यांबद्दलही फौजदारी खटला कधीच चालू नये, असे ते विधेयक! म्हणजे आधी केलेला खूनसुद्धा पोटात. ते लोकसभेत आलेच नाही, म्हणून आपण वाचलो.

त्याच्या बाजूने मते देणारे बहुतेक सभासद निवडून आलेलेच होते. हे त्या ज्येष्ठांना पुढच्या सभेत आम्ही सांगणार आहोत, चहाच्या आधी.