एका थेंबावरची आगबोट

मेहकरच्या एका शिक्षक-वाचकांचे चार पानी पत्र आले आहे. त्यातली साडेतीन पाने तक्रारीची आहेत आणि उरलेल्या अर्ध्या पानात तीन प्रश्न आहेत. तक्रारीचा निकाल लावण्याचा आम्हांला अधिकार नाही. प्रश्न मात्र असे आहेत की दिवाळी अंकाची दोन पाने त्यांना आनंदाने द्यावीत.

हकीकत थोडक्यात अशी. जत्रेत घेतलेली पत्र्याची बोट एका मुलाने वर्गात आणली. तिच्या पोटात तेलाची वात पेटवली, बोट परातीत सोडली, आणि ती फटफट, फटफट करीत गोल फिरू लागली. मधल्या सुट्टीत मुलांनी ती उचकटली. आत चाक नाही, दट्ट्या नाही, पंखा नाही! एक चपटी डबी आणि तिच्यातून मागे निघालेल्या दोन नळ्या, एवढाच सगळा संसार. तेव्हा दोघा पठ्ठ्यांनी घरी जाऊन 'मोठे इंजिन' करायचे ठरवले. रंगाचा रिकामा डबा घेतला, त्यात पाणी भरले, झाकण हातोडीने गच्च ठोकले आणि डबा चुलीवर ठेवला. पुढे काय झाले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल. झाकण उडून छपराच्या पत्र्याला पोचा आला. दैव बलवत्तर म्हणून कोणाला इजा झाली नाही. पालकांच्या सभेत मात्र ठरले की असले खेळ शाळेत नकोत. आता गुरुजी विचारतात: बोटीत इंजिन असते तरी कोठे? असली बोट जोरात पळवता येईल काय? आणि मुलांना बंदी करावी काय?

इंजिन त्या चपट्या डबीत आणि नळ्यांतच आहे. नळ्यांची तोंडे बोटीच्या मागे पाण्याखाली असतात. सुरुवातीला डबी आणि नळ्या पाण्याने भरून घ्याव्या लागतात. खाली ज्योत लागली की डबीतल्या थोड्याशा पाण्याची एकदम वाफ होते आणि ती नळ्यांतले पाणी मागे ढकलते. पाणी निघाले की ते आपल्या वेगाने जरा पुढेच जाते, वाफ त्याच्यामागे गार नळीत शिरते आणि तेथे तिचे पुन्हा पाणी होते. मग आत पोकळी होते आणि बाहेरचे पाणी नळीत परत ओढले जाते. त्यातला थोडा भाग तापलेल्या डबीला भिडतो, की पुन्हा वाफ! एका सेकंदात हे अनेक वेळा चालते. डबीचा वरचा पातळ पत्रा आत-बाहेर होतो, त्याचा तो फटफट आवाज.

चाणाक्ष वाचक येथे अडवील. जेवढे पाणी बाहेर गेले तेवढेच आत आले, मग बोट पुढे का जाते? कारण बाहेर जाणारे पाणी धारेने नेमके मागे जाते, आत येणारे मात्र चहूबाजूंनी गोळा होते. फुंकर मारून दिवा विझतो. तोच दिवा श्वास आत ओढून विझवून पाहावा!

ह्या खेळण्याचे ब्रिटिश पेटंट १८९१ साली थॉमस प्यो नावाच्या गृहस्थाने घेतले. आवाज करणाऱ्या पातळ पत्र्याची सुधारणा पुढे अमेरिकेत चार्ल्स मॅकह्यू याने केली. आपल्याकडे आगबोट हा शब्द त्याहून पुष्कळ जुना. मुंबईच्या गोदीतल्या प्रसिद्ध वाडिया घराण्यातील अर्देशीर करसेटजी यांनी 'इंडस' ही छोटी बोट १८३३ साली पाण्यात सोडली. वाफेच्या यंत्रांचे वेड त्यांना तरुणपणापासून होते, आणि १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. परंतु मोठ्या आगबोटीतली आग उतारूंना दिसत नसे. जत्रेतल्या बोटीत आग आणि बोट ह्यांत पोस्टकार्डाएवढे अंतर असते. नाव शोभते ते हिलाच.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे वेगाचा. त्यासाठी घरातल्या चुलीकडे जाऊ. तवा तापला की नाही हे पाहायला भाकरी करणारी बाई त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडते. चुर्र झाले, तवा तापला. एका थेंबाची वाफ साध्या दाबाखाली मूळ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा घेते. म्हणजे एका थेंबात चहाचा लहान कप भरेल एवढी वाफ दडलेली असते. मग पिंपभर पाणी तापवत बसण्यापेक्षा तापलेल्या धातूवर लागेल तेवढाच थेंब टाकावा, तत्क्षणी वाफ घ्यावी आणि कामाला लावावी, हे अधिक सुटसुटीत नव्हे काय? इंग्रजीत ह्या युक्तीला 'फ्लॅश स्टीम' म्हणतात. आपण तिला झटक्याची वाफ म्हणू.

फ्रान्समधील लेऑं सेर्पोले याने ही युक्ती गाडीला जोडली. पाण्याची टाकी तापवण्याऐवजी त्याने जाड, चपट्या नळ्या तापवल्या आणि त्यांत पंपाने बेताबेताने पाणी सोडले. १८८९ साली पेजो कारखान्याने केलेली पहिली गाडी, एक तीनचाकी, त्याच्याच वाफेवर चालणारी होती. १३ एप्रिल १९०२ रोजी नीस शहरातल्या समुद्राकाठच्या रस्त्यावर अंड्याच्या आकाराच्या आपल्या गाडीतून तो ताशी १२० किलोमीटरच्या वर गेला. जमिनीवरचा तो त्या वेळचा जागतिक उच्चांक होता. ज्यांना वाफेचे इंजिन म्हणजे धापा टाकणारे धूड वाटते त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

बोटीत मात्र ह्या युक्तीचे खरे चीज झाले ते इंग्लंडमधल्या बागांच्या तळ्यांवर. तेथे हौशी कारागिरांचे 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक १८९८ पासून निघत आले. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कातल्या तळ्यावर १९०४ साली छोट्या आगबोटींचा क्लब निघाला, आणि १९२४ साली अशा क्लबांची देशव्यापी संघटना झाली. ही मंडळी दिवसा नोकरी करीत आणि रात्री घरामागच्या खोपट्यात लेथवर बसत. हातभर लांबीच्या बोटीत पोलादी नळीचे वेटोळे, त्याच्या खाली भर्रर्र करणारा ब्लोलँप, पुढे मुठीत मावेल एवढे इंजिन, आणि त्याच इंजिनावर चालणारे पाण्याचे व तेलाचे इवलेसे पंप. वेटोळे लालभडक झाले की हातपंपाने पाणी द्यायचे, चाकाला दोरी गुंडाळून हिसका द्यायचा, आणि बोट सोडायची.

सोडायची म्हणजे मोकळी नव्हे. तळ्याच्या मध्यभागी खांब असतो आणि त्याला बोट तारेने बांधलेली असते. खळ्यातल्या तिवड्याभोवती बैल फिरतात तशी ती फिरते. फरक वेगाचा! अलीकडच्या दशकांत झटक्याच्या वाफेवरच्या अशा बोटी ताशी शंभर मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या, पुढे गेल्या आहेत. शंभर यार्डांचा फेरा त्या वेगाने दोन सेकंदांत संपतो. हिशेब करून पाहिला तर सात किलोची बोट त्या वेळी तारेला जवळजवळ एका क्विंटलाने ओढत असते. बोट पाण्यात अशी नसतेच. ती पाण्यावर टपटप टेकत जाते. पेट्रोलची छोटी इंजिने आली, त्यांनी शर्यती जिंकल्या, तरी काही लोकांनी वाफ सोडली नाही. आम्हांला ह्या हट्टी लोकांविषयी आदर वाटतो.

कारण हे इंजिन मोठे नाठाळ आहे. साधा बॉयलर म्हणजे भरलेले कोठार. घटकाभर पंप थांबला तरी साठ्यातली वाफ मिळत राहते. झटक्याच्या बॉयलरचे पोट हातावर असते. पाणी क्षणभर कमी पडले की नळी जळते, जास्त झाले की वाफ ओली होऊन इंजिन गुदमरते. इंजिन जलद फिरले की त्याचाच पंप जास्त पाणी ढकलतो, आणि आगीला ते पेलले नाही की सगळा डाव विस्कटतो. शिवाय वाफ इतकी तापलेली असते की दट्ट्याचे तेल करपते. आणखी एक गंमत तव्यावर पाहता येते. तवा बेताचा तापला असेल तर थेंब चुर्र होतो. फारच तापला तर थेंबाचा मोती होऊन तो तव्यावर नाचत राहतो आणि लवकर आटत नाही. थेंबाखाली वाफेचीच गादी तयार होते आणि उष्णता वर पोचू देत नाही. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली ह्याचे वर्णन केले. म्हणून नळी बारीक आणि लांब ठेवतात. पाणी तिच्यातून वेगाने वळणे घेत जाते आणि कडेवर आपटत राहते.

पाणीही वाटेल ते चालत नाही, आणि हे मेहकरच्या मुलांना आम्ही सांगावे असे नाही. त्यांच्या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर लोणारचे सरोवर आहे. उल्कापाताने झालेल्या त्या खड्ड्यात पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी उन्हाने उडून जाते आणि खार मागे राहतो. तो खार लोक एके काळी गोळा करीत. झटक्याच्या नळीत हाच प्रकार मिनिटांत घडतो. सगळेच पाणी उडून जाते, म्हणून त्यातला सगळा क्षार नळीतच बसतो. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वापरले तर बारीक नळी बघता बघता बुजते. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम.

राहिला बंदीचा प्रश्न. तो झाकण उडालेल्या डब्याशी बांधलेला आहे, म्हणून त्या डब्याचा हिशेब मांडू. दहा सेंटिमीटर व्यासाचे झाकण घ्या. प्रेशर कुकरमध्ये शिटीच्या वेळी असतो तेवढा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जादा दाब आत झाला, तर झाकणावर आतून पाऊण क्विंटलाहून अधिक भार येतो. रंगाच्या डब्याला शिटी नाही, सुरक्षेची चकती नाही. दाब झाकण उडेपर्यंत वाढतच जातो. दुसरी गोष्ट अधिक वाईट. कोंडलेले पाणी १२० अंशांना पोचले आणि झाकण उडाले, तर लिटरभर पाण्यातले सदतीस-एक ग्रॅम पाणी तत्काळ वाफ होते, आणि ती वाफ साठ लिटर जागा मागते. बाकीचे उकळते पाणी ती अंगावर फेकते. स्फोट वाफेचा दिसतो, पण त्याचे भांडवल तापलेल्या पाण्यात साठवलेले असते.

जत्रेतल्या बोटीत हे भांडवलच नसते. चमचाभर पाणी, आणि दोन नळ्यांची तोंडे सदैव उघडी. म्हणून आमचे उत्तर स्पष्ट आहे. बोटीला बंदी करू नये. बंद डब्याला करावी, आणि ती का केली हे वरच्या हिशेबासह फळ्यावर लिहून दाखवावे. बोट उचकटून पाहणाऱ्या मुलांना नुसते 'नको' म्हटले तर ती पुढचा डबा गुरुजींच्या नजरेआड तापवतील. शंभर मैलांच्या बोटीचा नाद मात्र मुलांसाठी नाही. लाल तापलेली नळी, पेट्रोलची ज्योत आणि भयंकर दाब हा लेथ जाणणाऱ्या प्रौढ माणसाचा खेळ आहे.

फटफट बोट शाळेत करता येते. पुण्याच्या 'आयुका'तल्या बालविज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून जी असंख्य खेळणी मुलांपुढे मांडली, त्यांत ही बोटही आहे. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. आम्हांला सर्वांत आवडतो तो वेटोळ्याचा प्रकार, कारण तो झटक्याच्या बॉयलरचा धाकटा भाऊ शोभतो. तीन मिलिमीटरची तांब्याची नळी घ्यावी. फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांकडे विचारून पाहावे. तीत बारीक कोरडी वाळू भरावी, म्हणजे वाकवताना ती चेपत नाही. जाड पेन्सिलीभोवती दोन-तीन वेढे द्यावेत, दोन्ही टोके लांब ठेवावीत, आणि वाळू ठोकून, फुंकून पुरती काढावी. बोटीसाठी पत्र्याचा उघडा डबा उभा कापून घ्यावा किंवा हलके लाकूड घ्यावे. थर्मोकोल नको, तो पेटतो. नळीची टोके मागून पाण्याखाली जातील अशी बसवावीत. वेटोळ्याखाली मेणबत्तीचा तुकडा ठेवावा. पणतीची वात चालते, पण काजळी धरते, आणि ती पुसली नाही तर आच नीट लागत नाही.

दोन्ही टोके मोकळी आहेत ना, हे दर वेळी तोंडाने फुंकून पाहावे. मग एका टोकाने पाणी ओढून नळी भरावी, बोट परातीत ठेवावी, आणि नंतरच वात पेटवावी. फटफट मध्येच थांबली तर ज्योत वाढवू नये. नळीत हवा शिरली असेल. वात विझवून, वेटोळे गार होऊ देऊन, नळी पुन्हा पाण्याने भरावी.