शंभरीचा चांदीचा पेला

‘शतायुषी हो’ हा आशीर्वाद आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. तो शब्दशः खरा ठरेल अशी अपेक्षा मात्र देणाऱ्याचीही नसे आणि घेणाऱ्याचीही नसे. जपानने तो खरा करून दाखवला. १९६३ साली तेथील शासनाने वयाची शंभरी गाठणाऱ्या नागरिकास चांदीचा पेला भेट देण्याची प्रथा सुरू केली. त्या वर्षी अवघ्या देशात शतायुषी व्यक्ती होत्या १५३. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांची संख्या ९९,७६३ झाली असून त्यांपैकी सुमारे ८८ टक्के स्त्रिया आहेत. पेल्यांचा खर्च पेलेनासा झाला, तेव्हा २०१६ पासून शुद्ध चांदीऐवजी चांदीचा मुलामा दिलेले पेले देण्यात येऊ लागले. वैद्यकशास्त्राचे यश आणि त्या यशाची किंमत, दोन्ही या एका वस्तूत दिसतात.

जपानी दीर्घायुष्याचा विषय निघाला की आपली चर्चा मासे, हिरवा चहा आणि मिताहार यांपाशी येऊन थांबते. वस्तुतः १९४७ मध्ये जपानी पुरुषाचे सरासरी आयुर्मान ५० वर्षे आणि स्त्रीचे ५४ वर्षे होते. मासे आणि चहा तेव्हाही होतेच. २०२४ मध्ये हेच आकडे अनुक्रमे ८१.०९ आणि ८७.१३ झाले. क्षयाला घातलेला आळा, १९६१ पासून प्रत्येक नागरिकाला मिळालेले आरोग्यविम्याचे छत्र, आहारातील मीठ कमी करण्याची चिकाटीची मोहीम आणि रक्तदाबावरील नियंत्रण यांचा या यशात मोठा वाटा आहे. १९५१ ते १९८० अशी तीन दशके पक्षाघात हे त्या देशातील मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. ते स्थान त्याने गमावले, हा प्रतिबंधक वैद्यकाचा विजय होय. परंतु आपण डॉक्टर मंडळी नेमकी येथेच टाळी वाजवून थांबतो. वाढवलेले आयुष्य कोणाच्या आधाराने जगायचे, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

तो प्रश्न बिकट झाला, कारण एका टोकाला आयुष्य लांबत असताना दुसऱ्या टोकाला पाळणा रिकामा होत गेला. १९४७ मध्ये जपानी स्त्रीमागे ४.५४ असलेला जननदर केवळ दहा वर्षांत २.०४ वर आला. १९६६ हे वर्ष पंचांगानुसार ‘अग्निअश्वाचे’ होते. त्या वर्षी जन्मलेली मुलगी पतीला अनिष्ट ठरते, असा समज तेथे आहे. आपल्याकडील मंगळाच्या मुलीची आठवण व्हावी असाच. त्या एका वर्षी जन्म जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले आणि जननदर १.५८ झाला. पुढे १९८९ मध्ये कोणतेही अशुभ वर्ष नसताना तो १.५७ वर उतरला, तेव्हा सारा देश हादरला. अंधश्रद्धेने एका वर्षापुरते जे घडवले, ते आता विचारपूर्वक आणि कायमचे घडू लागले होते. २०२४ मध्ये हा दर १.१५ पर्यंत खाली आला. त्या वर्षी जन्म झाले ६,८६,०६१ आणि मृत्यू १६,०५,२९८. म्हणजे एका वर्षात नऊ लाखांहून अधिक माणसे कमी झाली. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटीचा आवाका कळेल. ज्या भूमीतून ‘तोत्तोचान’ मराठी घरांत आली, तेथे आज दरवर्षी शेकडो शाळांना कुलूप लागते.

याचे सोपे आणि लोकप्रिय स्पष्टीकरण असे की, जपानी तरुणी शिकल्या, मिळवत्या झाल्या आणि आत्मकेंद्रित बनल्या. हे स्पष्टीकरण मला अन्यायाचे वाटते. पन्नाशीपर्यंत अविवाहित राहिलेल्यांचे प्रमाण १९७० मध्ये पुरुषांत १.७ आणि स्त्रियांत ३.३ टक्के होते. २०२० मध्ये ते अनुक्रमे २८ आणि १८ टक्के झाले. विवाहबाह्य अपत्यजन्म तेथे अत्यल्प असल्याने विवाह टळला की अपत्यही टळते. आता या विवाहात स्त्रीच्या वाट्याला काय येते ते पाहावे. पती-पत्नीने एकच आडनाव लावावे असा तेथील कायदा आहे आणि सुमारे ९५ टक्के जोडप्यांत नाव सोडते ती पत्नी. सहा वर्षांखालील मूल असलेल्या घरात घरकाम व संगोपन यांसाठी पत्नी दिवसाला सुमारे साडेसात तास देते आणि पती दोन तासांहूनही कमी, असे २०२१ च्या सरकारी पाहणीत आढळले. गर्भनिरोधक गोळीच्या मान्यतेचा प्रश्न तीस वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. पुरुषांच्या ‘व्हायग्रा’ला मात्र सहा महिन्यांत परवानगी मिळाली, आणि त्या विरोधाभासावर टीका झाल्यानंतर १९९९ मध्ये गोळीचा मार्ग मोकळा झाला. शिवाय अपत्याच्या पाठोपाठ सासू-सासऱ्यांची शुश्रूषा उभी असतेच. तेव्हा त्या तरुणीने अपत्याला नकार दिला असे म्हणण्यापेक्षा, न विचारता खांद्यावर ठेवल्या जाणाऱ्या ओझ्याला नकार दिला असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. टोकियोतील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून महर्षी कर्वे यांना १९१६ साली स्थापन झालेल्या आपल्या महिला विद्यापीठाची प्रेरणा मिळाली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच देशाने पुढे असेही दाखवून दिले की, स्त्रीला शिक्षण द्यावे आणि घर मात्र होते तसेच ठेवावे, हे फार काळ चालत नाही.

२०२० च्या जनगणनेत जपानमधील ३८ टक्के घरे एकाच माणसाची होती. या बदलाची चाहूल समाजधुरीणांच्या आधी बाजाराला लागली. एका माणसापुरते जेवण, एका माणसापुरता भाजीचा तुकडा, दोन बाजूंना फळ्या लावून शेजाऱ्याचे तोंड दिसू नये अशी सोय केलेली नूडल्सची उपाहारगृहे, इतकेच नव्हे तर एकट्याने गाण्यासाठी कराओकेच्या खोल्यादेखील तेथे आहेत. पाळीव कुत्र्या-मांजरांची संख्या पंधरा वर्षांखालील मुलांहून अधिक आहे. एका बड्या कागद-उद्योगाने २०२४ मध्ये देशातील बाळांसाठी डायपर बनवणे थांबवून वृद्धांच्या डायपरवर लक्ष केंद्रित करण्याचा निर्णय जाहीर केला. टोकियोच्या सुगामो भागातील बाजारपेठ ‘आजीबाईंचे हाराजुकु’ म्हणून ओळखली जाते. हाराजुकु म्हणजे तरुणांच्या फॅशनचा मोहल्ला. सुगामोत आरोग्य आणि सुदैव लाभावे म्हणून लाल अंतर्वस्त्रे विकणारे दुकान प्रसिद्ध आहे. या साऱ्यात व्यापाऱ्याची कल्पकता आहे आणि वृद्ध ग्राहकाविषयी आदरही आहे. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही.

तथापि, एका वस्तूपाशी मन अडखळते. २००१ साली झोजिरुशी कंपनीने पाणी तापवण्याची एक विजेची किटली बाजारात आणली. एकट्या राहणाऱ्या आईने ती वापरली की दूरच्या मुलाला संदेशाद्वारे त्याची नोंद कळते. आईने चहा केला, म्हणजे आई आहे! पुढे टपाल खात्यानेही शुल्क घेऊन महिन्यातून एकदा वृद्धांची विचारपूस करण्याची सेवा देशभर सुरू केली. ही किटली निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. परगावी मुले असलेल्या आपल्या अनेक रुग्णांना ती आजच हवीशी वाटेल. परंतु बाजार एकटेपणा सुसह्य करतो आणि सुसह्य झालेला एकटेपणा कायमचा मुक्काम ठोकतो. जपानच्या पोलीस खात्याने २०२४ या वर्षाची मोजदाद केली, तेव्हा एकट्या राहणाऱ्या सुमारे ७६ हजार व्यक्ती घरी मृतावस्थेत आढळल्याचे दिसले. त्यांपैकी ५८ हजार जण पासष्टी ओलांडलेले होते. सुमारे २२ हजारांचा मृत्यू आठवडा उलटल्यानंतर उघडकीस आला. ज्या देशात आगगाडी मिनिटभर उशिरा आली तर क्षमा मागतात, तेथे माणूस गेल्याचे कळायला आठवडा लागतो.

मग जपानपासून शिकायचे ते काय? माझ्या मते शिकण्याजोगी गोष्ट बाजारात नाही, एका कायद्यात आहे. आणि त्या कायद्याच्या आधी झालेली चूक तर त्याहूनही बोधप्रद आहे. १९७२ मध्ये अरियोशी सावाको या लेखिकेची एक कादंबरी प्रचंड गाजली. स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्याची शुश्रूषा करताना नोकरी करणारी सून कशी पिळवटून निघते, याचे ते चित्रण होते. पुढच्याच वर्षी शासनाने सत्तर वर्षांवरील नागरिकांना मोफत वैद्यकीय उपचार दिले. हेतू उदात्त होता; परिणाम वेगळाच झाला. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून वृद्धांना रुग्णालयात दाखल करण्याची प्रथा पडली. उपचारांची गरज नसलेली माणसे महिनोन्‌महिने खाटांवर पडून राहिली. या प्रकाराला तेथे ‘सामाजिक दाखला’ अशा अर्थाचे नावच मिळाले. १९८३ मध्ये ही मोफत सेवा बंद झाली, पण तिने लावलेली सवय मोडायला पुढची कैक वर्षे गेली.

एप्रिल २००० पासून लागू झालेला शुश्रूषा विमा हे त्या चुकीचे उत्तर होते. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा. निम्मा पैसा हप्त्यांतून आणि निम्मा करांतून येणार. गरज पडली की घरी येऊन ७४ बाबींची पाहणी होते, रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांचे लेखी मत घेतले जाते आणि समिती सातपैकी एक पातळी ठरवते. त्यानुसार घरी मदतनीस, दिवसभराचे शुश्रूषा केंद्र, अल्पकाळचा निवास अशा सेवा मिळतात. लाभार्थीने सर्वसाधारणतः खर्चाचा दहावा हिस्सा द्यायचा, सधनांनी काहीसा अधिक. जर्मनीप्रमाणे कुटुंबाला रोख रक्कम द्यावी, अशीही सूचना होती. हिगुची केइको यांच्यासारख्या कार्यकर्त्या स्त्रियांनी तिला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, रोख रक्कम आली की सुनेची सुटका कायमची संपली. ही सूचना फेटाळली गेली, हे मला त्या कायद्याचे सर्वांत मोठे शहाणपण वाटते. भाषाही बदलली. स्मृतिभ्रंशासाठी रूढ असलेला ‘मूढपणा’ अशा अर्थाचा शब्द २००४ मध्ये शासनाने टाकून दिला आणि ‘आकलनाचा विकार’ असा शब्द स्वीकारला. ‘म्हातारचळ’ हा शब्द आपल्या तोंडून अजून सहज निघतो, हे येथे आठवावे.

ही व्यवस्था सुखाची सावली आहे असे नाही. पासष्टीपुढील व्यक्तीचा सरासरी मासिक हप्ता २,९११ येनवरून ६,२२५ येनवर गेला आहे. शुश्रूषकांचा तुटवडा तीव्र आहे, आणि आईवडिलांच्या सेवेसाठी आजही वर्षाला सुमारे एक लाख माणसे नोकरी सोडतात. परकीय माणसांविषयी बिचकणारा हा देश आता इंडोनेशिया, फिलिपाइन्स, व्हिएतनाम आणि २०२१ च्या करारानंतर भारतातूनही शुश्रूषक बोलावत आहे. परंतु वृद्धाची शुश्रूषा हा सुनेचा धर्म नसून नागरिकाचा हक्क आहे, हे त्याने कायद्याने मान्य केले. उरतो तो अंमलबजावणीचा प्रश्न, तत्त्वाचा नव्हे.

आता थोडे आपल्याविषयी. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आणि गोव्याचा १.३ आढळला. गोव्याचा हा आकडा जपानच्या पंक्तीतला आहे. २०११ मध्येच साठीपुढील लोकांच्या प्रमाणात गोवा केरळच्या खालोखाल देशात दुसरा होता. कुलूपबंद वाडे आणि परदेशी गेलेली मुले यांसाठी आपल्याला जपानचे दाखले नकोत. म्हणजे लोकसंख्येचे रूप आपण जपानचे घेतले; शुश्रूषा विमा मात्र घेतला नाही. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा निर्वाह मुलांवर सोपवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेतून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळाले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु वय तेच सत्तर आहे आणि पैसाही पुन्हा खाटेसाठीच आहे. घरी येऊन अंघोळ घालणाऱ्या, औषध वेळेवर देणाऱ्या, सुनेला वा मुलीला चार तास मोकळीक देणाऱ्या हातांसाठी त्यात तरतूद नाही. १९७३ चा जपान आपण पन्नास वर्षांनी पुन्हा गिरवणार असू, तर तो दोष अज्ञानाचा म्हणता येणार नाही.

धोरण बदलणे एकट्या डॉक्टरच्या हाती नसले तरी दोन गोष्टी निश्चितपणे आपल्या हाती आहेत. वृद्ध रुग्णाच्या कागदावर रक्तदाब आणि साखर यांच्या शेजारी ‘घरी कोण असते?’ या प्रश्नाचे उत्तर आपण नोंदवू लागावे. त्याचप्रमाणे, आपल्यासारख्या संस्थांनी शिबिरांच्या जोडीने घरगुती शुश्रूषकांचे प्रशिक्षण हाती घ्यावे, आणि जमा झालेल्या त्या नोंदी शासनापुढे ठेवून शुश्रूषेच्या हक्काची मागणी करावी. आयुष्य लांबवण्यात आपल्या व्यवसायाचा वाटा आहे, तसा त्या लांबलेल्या आयुष्याच्या व्यवस्थेतही असायला हवा. ‘शतायुषी हो’ म्हणणाऱ्याने त्या शंभराव्या वर्षी दार कोण उघडणार, याचाही विचार केला पाहिजे.