सोवळ्याच्या पलीकडचे पावित्र्य

चैत्र लागला की आपल्या मंडळात एकच लगबग सुरू होते. पाडव्याचे श्रीखंड, रामनवमीची भजने, हॉलचे बुकिंग, मुलांच्या नाचाच्या तालमी. आणि याच दिवसांत ईस्टरही येतो. सणांच्या या गर्दीत एप्रिल महिन्याशी जोडलेले एक मराठी नाव मात्र आपल्याकडून राहून जाते. पंडिता रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी केडगावला देह ठेवला. आपण ज्या देशात राहतो तिथले चर्च ऑफ इंग्लंड दरवर्षी 30 एप्रिलला त्यांचे स्मरण करते. या अंकाचे संपादकीय त्यांना वाहिले आहे. निमित्त त्यांचे आहे, पण प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे : आजच्या काळात श्रद्धावान माणसाने पवित्र जगायचे म्हणजे नेमके काय करायचे?

मी नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे रविवारच्या उपासनेत रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने टाळ-पेटीवर गायली जायची. शेजारच्या घरात त्याच पेटीवर हरिपाठ रंगायचा, आणि दोन्हीकडची चहाची आधणे एकाच वेळी चढायची. त्यामुळे भक्तीची भाषा वेगळी असली तरी भक्ताच्या जगण्याची कसोटी एकच असते, हे मला कुणी शिकवावे लागले नाही. तीच कसोटी मला रमाबाईंच्या आयुष्यात ठळक दिसते.

रमाबाई 1883 साली इंग्लंडला आल्या तेव्हा त्या पंचविशीत होत्या. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेलेली, पती बिपिनबिहारी मेधवी कॉलऱ्याने गेलेले, कडेवर लहानगी मुलगी मनोरमा. वैद्यकीय शिक्षण घ्यायचा मनोदय होता, पण कमी ऐकू येत असल्याने तो सोडावा लागला. ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावात सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे त्या राहत होत्या. तिथून त्यांना काही दिवस लंडनच्या फुलहॅम भागात नेण्यात आले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांसाठी भगिनींनी तिथे एक घर चालवले होते.

रमाबाईंनी हा प्रसंग 1907 साली आपल्या आत्मकथनपर लेखनात सांगितला आहे. पुराणे मुखोद्गत असलेल्या या विदुषीने अशा बायकांना कुणी जवळ घेतलेले तोवर कधी पाहिले नव्हते. इथे तर चांगल्या घरच्या स्त्रिया त्यांच्यासोबत राहत होत्या, त्यांची सेवा करत होत्या, आणि उपकार केल्याचा भाव कुणाच्या चेहऱ्यावर नव्हता. असे का, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. भर उन्हात एकटीच विहिरीवर आलेली, गावाने नावे ठेवलेली, परक्या जातीची ती बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी बरोबरीने बोलतो. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंचा वाँटेजला बाप्तिस्मा झाला.

आपल्याला हा प्रसंग कळायला भाषांतर लागत नाही. पाणी कुणाच्या हातचे घ्यायचे, हा प्रश्न आपल्या आजी-पणजीने रोज जगलेला आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या सोवळ्याची आणि ते सुटत गेल्याची हकिगत प्रांजळपणे लिहिली आहे. आणि त्याच्या कितीतरी आधी पैठणच्या एकनाथांविषयी सांगतात की श्राद्धाचे अन्न त्यांनी दारातल्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढले आणि गावाचा रोष पत्करला. पावित्र्य विटाळाने जाते की माणसाला हाकलल्याने, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. संतांनी त्याचे उत्तर आपल्या वागण्यातून दिले आहे.

ख्रिस्ती शास्त्रातही हेच आहे, आणि तेही अगदी जुन्या पानांत. लेवीय नावाच्या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायाची सुरुवात ‘पवित्र व्हा’ अशा अर्थाच्या आज्ञेने होते. पुढे काहीतरी गूढ व्रत येईल असे वाटते, पण येतात त्या साध्या गोष्टी. शेताच्या कडेचे पीक कापू नका, ते गरिबाला आणि परदेशी माणसाला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. चुगल्या करत हिंडू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा. आणि अध्यायाच्या शेवटाकडे येते ते खास आपल्यासाठीच लिहिल्यासारखे : परक्या माणसावरही तशीच प्रीती करा, कारण तुम्हीही एके काळी मिसरात परके होता.

आपण सगळे इथे परके म्हणून आलो. विमानतळावर घ्यायला आलेल्या माणसाचा चेहरा, पहिल्या हिवाळ्यात कुणी दिलेला जुना कोट, घरमालकाशी बोलून देणारा कुणी दादा, हे आपण विसरलेलो नाही. पवित्र जगण्याची आपली पहिली पायरी त्या आठवणीपासून सुरू होते.

फुलहॅमला पाहिलेली गोष्ट रमाबाई विसरल्या नाहीत. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. 1896 च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा स्वतःचे उपाशी बालपण त्यांच्यासमोर उभे राहिले असणार. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, नव्याने आलेल्या मुली तिथे ठेवता येत नव्हत्या. मग फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ती सदन सुरू झाले. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड हजाराच्या वर गेली.

एवढ्या माणसांवर प्रेम करायचे म्हणजे रोज काय करावे लागत असेल, याचा विचार करून पाहा. उवा झालेली डोकी धुवायची, खरूज झालेल्या अंगाला मलम लावायचे, रात्री घाबरून उठणाऱ्या पोरीला थोपटायचे, दीड हजार माणसांच्या भाकरीचे पीठ उद्या कुठून आणायचे याची काळजी करायची. विहिरी खणल्या, गाई पाळल्या, माग लावले, छापखाना घातला. मुलींना शिवण, विणकाम, शेती, खिळे जुळवणे शिकवले. आंधळ्या मुलींसाठी मनोरमा ब्रेल शिकून आल्या आणि त्या मुलीही वाचू लागल्या. ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी तिथेच कृपा सदन निघाले. फुलहॅमच्या घराला असे केडगावात उत्तर मिळाले. हे सगळे चालू असताना रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या, आणि त्याची छपाई आश्रमातल्याच बायका करत होत्या. 1921 साली मनोरमा गेल्या. एकुलती एक मुलगी गेल्याच्या दुःखातही रमाबाईंनी ते काम तडीस नेले आणि पुढच्या वर्षी त्या गेल्या. मुक्ती मिशन केडगावात आजही चालू आहे.

रमाबाईंच्या धर्मांतराने पुण्यात मोठा वाद झाला, हेही सांगायला हवे. शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आक्षेपावरून 1893 साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दुखावलेली माणसे खरोखर दुखावलेली होती. पण त्याच वर्षी त्याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी, गोदूबाई, धोंडो केशव कर्व्यांशी विवाहबद्ध झाली. कर्वे काही ख्रिस्ती झाले नाहीत, व्हायची गरजही नव्हती. 1896 साली त्यांनी विधवांसाठी संस्था काढली आणि त्यातून पुढे हिंगण्याचे सारे काम उभे राहिले. गोदूबाई, म्हणजेच लग्नानंतरच्या बाया कर्वे, त्यासाठी वर्गणी गोळा करत दारोदार हिंडल्या. एका घरात लावलेला दिवा दुसऱ्या घरात गेला आणि तिथे त्याने आपल्या पद्धतीने उजेड दिला. श्रद्धावान माणसाला आणखी काय हवे?

आता आपल्याकडे वळते. मंडळाच्या एका कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एक नवा विद्यार्थी हाती ताट घेऊन उभा होता. त्याला कुणीतरी प्रेमानेच विचारले, ‘आडनाव काय तुझे?’ त्याने सांगितले. ‘म्हणजे नक्की कोण तुम्ही?’ हा दुसरा प्रश्न आला आणि त्या मुलाची मान खाली गेली. त्यानंतर तो आपल्याकडे आलेला मी पाहिला नाही. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. तरीही मी कळकळीने सांगते, हा दुसरा प्रश्न आपण विचारणे बंद करू या. गाव विचारा, शाळा विचारा, जेवला का विचारा. सात समुद्र ओलांडून आलेल्या पोराला आपल्या दारात पुन्हा जात सांगावी लागत असेल, तर आपल्या आरतीला आणि माझ्या प्रार्थनेला अर्थ राहत नाही.

अशी आणखीही माणसे आपल्यात आहेत. घटस्फोट झाला म्हणून दिवाळीला यायचे थांबलेली मैत्रीण. मुलाकडे राहायला आलेले आणि दिवसभर रिकाम्या घरात टीव्हीसमोर बसणारे आजोबा. केअर होममध्ये रात्रपाळी करून महिन्याचे पैसे गावी पाठवणारी, आणि म्हणून कार्यक्रमाचे तिकीट न परवडणारी आपलीच एक बहीण. योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटले आहे की डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर ज्याचे प्रेम नाही, त्याचे न दिसणाऱ्या देवावर प्रेम असू शकत नाही. ही माणसे आपल्याला दिसतात. आपल्या व्हॉट्सॲप गटात त्यांची नावे आहेत.

आपल्याकडे हे काम आधीच करणारेही आहेत. आपल्यातल्या एक ताई डायलिसिसला जाणाऱ्या एका काकांना गाडीने नेतात, चार तास तिथे बसतात, येताना डब्यात मऊ भात असतो. गेली काही वर्षे हे चालू आहे आणि त्यांनी ते कुणाला सांगितलेले नाही. त्यांना विचारूनच, नाव न घेता, मी हे लिहिते आहे. पवित्र माणसे पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

म्हणून समितीने या महिन्यापासून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात कुणाच्या तरी घरी जेवायला बोलावले जाईल. दवाखान्यात किंवा घरात एकट्या असलेल्यांना भेटण्यासाठी आणि त्यांची ने-आण करण्यासाठी स्वयंसेवकांची यादी होईल. आणि प्रत्येक कार्यक्रमाची काही तिकिटे न विचारता, न सांगता देण्यासाठी बाजूला ठेवली जातील. ज्यांना ती हवी असतील त्यांनी फक्त सचिवांना फोन करावा, कारण विचारले जाणार नाही.

तुमचा देव कोणताही असो, किंवा कोणताही नसो, तुमचे नाव या यादीत हवे आहे. अर्ज शेवटच्या पानावर आहे. आठवड्यातला एक तास देता आला तरी लिहा. कोणत्या भागात राहता आणि गाडी आहे का, तेवढे मात्र नक्की नोंदवा, म्हणजे पाडव्याच्या कार्यक्रमातच कामाची वाटणी करता येईल.

पाडव्याच्या, रामनवमीच्या आणि ईस्टरच्या तुम्हा सर्वांना मनापासून शुभेच्छा.

आपली,
संपादक