कासरा कोणाच्या हातात?



मागच्या बैठकीत चहाच्या वेळी एका पोराने मला अडवले. "सर, अमेरिकेत म्हणे राष्ट्राध्यक्षाने राज्याची फौज राज्याला न विचारता रस्त्यावर उतरवली. राज्याची फौज ही काय भानगड?" मी शिकलो शेतीशास्त्र, कायदा नव्हे. पण या भानगडीच्या मुळाशी गेलो तर तिथे भेटला कर्जबाजारी शेतकरी. म्हणून या अंकात हा विषय.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे 'नॅशनल गार्ड' नावाचे राखीव दल असते. सगळी मिळून सव्वाचार लाखांच्या आसपास माणसे. बहुतेकांचा आपापला कामधंदा असतो. महिन्यातून दोन दिवस आणि वर्षातून पंधरवडाभर कवायत करायची, बाकी वेळ घर सांभाळायचे. पूर आला, वणवा पेटला, दंगल झाली की राज्याचा गव्हर्नर त्यांना बोलावतो. (तिकडचा गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा वरून नेमलेला नसतो, मतांनी निवडून येतो. आपला मुख्यमंत्रीच समजा.) पण राष्ट्राध्यक्षाने रीतसर हुकूम काढला की तीच माणसे केंद्राच्या फौजेत जमा होतात. मग त्यांच्यावर गव्हर्नरचे काही चालत नाही. बैल एकच, कासरे दोन.

हा दुसरा कासरा आला कुठून? इंग्रजांशी लढून आलेले मॅसॅच्युसेट्स राज्यातले शेतकरी १७८६ साली कर्जात बुडाले होते. लढाईचा पगार मिळाला होता कागदावर, आणि त्या कागदाला बाजारात किंमत नव्हती. सरकार मात्र कर मागत होते नगद नाण्यात. जमिनींवर जप्त्या आल्या, माणसे तुरुंगात गेली. शेवटी शेतकऱ्यांनी कचेऱ्यांना वेढा घातला. न्यायालय भरूच द्यायचे नाही, म्हणजे जप्तीचा हुकूम निघणार नाही! त्यांच्या पुढाऱ्यांत डॅनियल शेज नावाचा माजी कॅप्टन होता. गव्हर्नरने राज्याचे दल बोलावले तर काही ठिकाणी ते आलेच नाही, काही ठिकाणी शेतकऱ्यांना जाऊन मिळाले. शेजाऱ्यावर बंदूक कोण धरणार? केंद्राकडे ना पैसा ना फौज. तेव्हा बोस्टनच्या सावकार-व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून सैन्य उभे केले. ते पोचण्याआधीच, जानेवारी १७८७ मध्ये, स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापाशी सरकारी तोफ उडाली आणि चार माणसे पडली.

त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली. बंड मोडायला राज्यांची दले बोलावण्याचा अधिकार तिने केंद्राला दिला. दलाचे अधिकारी नेमणे आणि कवायत घेणे राज्यांकडे ठेवले. १७९४ साली तो अधिकार वापरला गेला, तोही शेतकऱ्यांवरच. पश्चिम पेनसिल्व्हेनियातले लोक धान्याची दारू गाळून विकत, कारण डोंगरापलीकडे धान्य नेणे परवडत नसे. त्या दारूवर कर बसला आणि त्यांनी तो नाकारला. वॉशिंग्टन यांनी चार राज्यांतून सुमारे तेरा हजारांचे दल काढले. पण त्याआधी त्यांना एका न्यायाधीशाचा दाखला घ्यावा लागला होता, की नेहमीच्या कायद्याने काम होत नाही. ही अट तेव्हाच्या कायद्यातच होती. पुढच्याच वर्षी ती काढून टाकली गेली. मला विचाराल तर खरी चूक तिथे झाली.

कोणी म्हणेल, मग कासरा राज्याच्याच हातात राहू द्या. मलाही आधी तसेच वाटले होते. पण १९५७ चे लिटल रॉक पाहा. नऊ काळ्या विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या शाळेत पाऊल ठेवू द्यायचे नाही म्हणून आर्कान्सॉच्या गव्हर्नरने शाळेच्या दारात गार्ड उभे केले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तेच गार्ड केंद्राच्या ताब्यात घेतले, हवाई छत्रीधारी सैनिक पाठवले आणि मुले शाळेत गेली. गव्हर्नरची परवानगी मागत बसले असते तर ती मुले आजही दारातच उभी असती.

२००५ च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेले, तेव्हा लुइझियानाच्या गार्डची एक अख्खी ब्रिगेड इराकमध्ये होती. घरात पूर आणि घरची माणसे परदेशात! केंद्राने गार्डचा ताबा मागितला, गव्हर्नर ब्लँको यांनी नकार दिला. तरी मदत अडली नाही. राज्याराज्यांतल्या करारामुळे इतर राज्यांचे हजारो गार्ड तिथे पोचले. पण २००६ साली केंद्राने कायदाच बदलला, नैसर्गिक आपत्तीतही गव्हर्नरला न विचारता ताबा घेता येईल असा. सगळे गव्हर्नर, दोन्ही पक्षांचे, विरोधात उभे राहिले आणि २००८ च्या सुरुवातीला ती दुरुस्ती रद्द झाली.

आता त्या पोराचा प्रश्न. जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी कॅलिफोर्नियाचे गार्ड गव्हर्नरचा विरोध डावलून लॉस एंजेलिसमध्ये उतरवले. गव्हर्नरने न मागता असे होण्याची १९६५ नंतरची ही पहिली वेळ. १९६५ साली अलाबामात मतदानाच्या हक्कासाठी चालणाऱ्यांचे रक्षण करायला गार्ड काढले होते, या वेळी स्थलांतरितांच्या धरपकडीविरुद्ध निदर्शने करणाऱ्यांसमोर. राज्य न्यायालयात गेले. डिसेंबर २०२५ मध्ये इलिनॉय राज्याच्या अशाच तक्रारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची अंतरिम मागणी फेटाळली. म्हणजे दाखला मागणारा न्यायाधीश २३० वर्षांनी परत आला, पण गार्ड रस्त्यावर उतरल्यानंतर.

आपल्याकडे राज्यांना फौज नाही. राज्य राखीव पोलीस दल राज्याचे, केंद्रीय राखीव पोलीस दल दिल्लीचे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात लष्कर ढिगारे उपसायला आले, ते मुलकी प्रशासनाच्या मदतीला. पण आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, अनुच्छेद २५७-क घातला गेला होता. केंद्र राज्यात सशस्त्र दल पाठवील आणि त्यावर राज्याचा हुकूम चालणार नाही, असा त्याचा अर्थ. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो काढला. मात्र त्याच ४२ व्या दुरुस्तीने सातव्या अनुसूचीच्या केंद्र सूचीत घातलेली '२-क' ही नोंद तशीच राहिली, आजही आहे. पुढच्या बैठकीला राज्यघटनेची प्रत घेऊन येतो. ती नोंद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू.